घरात कुणाला शुगर?

औशात भाड्यानं येऊन अजून महिना नाही झाला.
दूध कुणाचं, दळण कुठं टाकायचं, नळ कितव्या दिवशी,
एवढं कळलं होतं.
डॉक्टर तेवढा राहिला होता.
शेजारच्या कलशेट्टीबाई म्हणल्या, मठपतीकडं जा,
हाताला गुण आहे, अन् सलाईनचा आग्रह नाही.

खाली खताचं दुकान, वर चढायला लोखंडी जिना.
बाकड्यावर एक म्हातारा, मांडीवर एक्स-रेचं पाकीट,
दुसऱ्याचं ताट धरल्यासारखं.
काउंटरवर पोरगी. अंजुम, बिल्ल्यावर लिहिलेलं.

"नवीन का जुन्या?"
नवीन.
"नवीनचे शंभर. नाव?"
महानंदा.
"वय?"
भूकंपात अकरा महिन्यांची होते.

तिनं बोटं थांबवून माझ्याकडं बघितलं.
तिचा जन्मच दोन हजार पाचचा असंल.
त्र्याण्णव, म्हणलं.
तिनं मोबाईलवर वजाबाकी केली. "तेहतीस लावते."
आमचं अख्खं गाव त्या वजाबाकीत बसलं,
हातचा एकही न घेता.

"मूळ गाव?"
जुनं का नवं?
नाव दोन्हीचं एकच.
जुन्यात बाभळी आहेत, नव्यात क्वार्टर नंबर.
"पिनकोड सांगा."

"कशाची ॲलर्जी?"
वांग्यानं खाज सुटते.
पत्र्यावर मांजरानं उडी मारली तरी
मी झोपेतून उठून अंगणात उभी असते,
ते त्या रकान्यात बसेना.

"घरात कुणाला शुगर? बीपी? आईला, वडलांना?"

इथं मी थांबले.
आजवर सगळ्यांनी विचारलंय, तुझी माय कशी गेली.
मास्तरांनी, कॅमेरा घेऊन आलेल्यांनी,
बघायला आलेल्या पाव्हण्यांनीसुद्धा, पोहे खाता खाता.
माझ्या मायला काय होतं, हे कुणी नाही विचारलं.
काय असणार?
एकवीस वर्षांची होती. आजारी पडायला वय लागतं.
मावशी सांगते, साधं पडसंपण तिच्याकडं टिकायचं नाही.

अंजुमचं बोट चौकटीवर. हो की नाही.
मागं म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आलेली.

आहे, म्हणलं. माझ्या मायला आहे शुगर.
"गोळ्या चालू?"
चालू. सकाळी एक, रात्री एक.
पण पथ्य पाळत नाही, सणावाराला चोरून खाते,
विचारलं तर उलट आपल्यालाच बोलते.
गुडघेपण गेलेत. जिना चढवत नाही,
म्हणून आणलं नाही.

मला थांबताच येईना.
चोपन्न वर्षांची एक बाई
बोलता बोलता बाकड्यावर येऊन बसली,
केस पिकलेले, गोळ्यांची पट्टी पदराच्या गाठीत.

"त्यांचापण केसपेपर काढून ठेवा," अंजुम म्हणाली,
"जिना चढवत नसला तर सर खाली येऊन बघतात."
बरं, म्हणलं.

मठपतींनी घसा बघितला.
मी घशासाठीच आले होते.
मग कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचला:
आई, हयात, मधुमेह.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"घरात आहे तर तुमचीपण बघून घेऊ.
उद्या उपाशीपोटी या. ऐंशी रुपये."

रात्री नऊनंतर काही खाल्लं नाही.
नवऱ्यानं विचारलं, आज कसला उपास?
मायचा.
तो कूस बदलून गप पडला.

सकाळी बोटाला सुई, एक थेंब.
अंजुमनं चिठ्ठी दिली, तिला आनंद झाला होता.
"नॉर्मल आहे, ताई. तुमच्यात नाही उतरली."

खाली युरियाची गाडी लागली होती.
हमाल वाट सोडेपर्यंत
शेवटच्या पायरीवर उभी राहिले.
जरा वाईटच वाटलं.